खुंटा हलवून सैल: रॉबिन रिगच्या साठ पवनचक्क्यांचे प्रकरण

जमिनीत ठोकलेला खुंटा पक्का बसला आहे की नाही हे हलवून पाहण्याची आपली जुनी रीत आहे आणि हलवल्याने तो आणखी बळकट होतो, असा भरवसाही त्या रीतीमागे आहे; ‘खुंटा हलवून बळकट करणे’ ही म्हण तेच सांगते. समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया म्हणजे असाच एक अजस्र खुंटा असतो. वारा आणि लाटा त्याला वीस वर्षे रात्रंदिवस हलवत राहतात. या हलवण्याने तो बळकट होतो की सैल, याचे उत्तर पायाचा कोणता भाग पाहतो यावर अवलंबून असते. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामध्ये शिरलेल्या सॉल्वे खाडीतील रॉबिन रिग प्रकल्पात हा फरक इतका उघडा पडला की त्याचा निवाडा शेवटी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला.

रॉबिन रिग हे मुळात खाडीतल्या एका वाळूच्या दांड्याचे नाव आहे. त्या परिसरात प्रत्येकी ३ मेगावॉटच्या ६० पवनचक्क्या, म्हणजे एकूण १८० मेगावॉट, उभारायचे ठरले. मालक होती ई-ऑन समूहाची कंपनी, तर पायांचा आराखडा, निर्मिती आणि उभारणी हे सर्व काम डेन्मार्कच्या एमटी हॉयगार्ड या कंत्राटदाराकडे होते. निविदेची कागदपत्रे मे २००६ मध्ये निघाली, करार डिसेंबर २००६ मध्ये झाला आणि पायांचे काम फेब्रुवारी २००९ मध्ये पूर्ण झाले. एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे सगळा प्रकल्प पूर्ण क्षमतेने सुरू होण्याच्या सुमारासच, पायांवरचे जोड आपापल्या जागेवरून खाली सरकू लागले.

नेमके काय सरकले हे कळण्यासाठी पायाची रचना पाहावी लागते. समुद्रतळात प्रथम ४ मीटरहून थोड्या अधिक व्यासाची एक पोलादी नळी ठोकली जाते, तिला मोनोपाइल म्हणतात. घणाचे हजारो ठोके खाऊन खाली गेलेल्या या नळीचा वरचा काठ चेपतो आणि नळी अगदी ओळंब्यातही राहत नाही. म्हणून तिच्यावर किंचित मोठ्या व्यासाची दुसरी नळी टोपणासारखी चढवतात. हा ट्रान्झिशन पीस. बोटीचा धक्का, शिडी, वावरण्याचा सज्जा आणि मनोरा ज्यावर बोल्टने आवळायचा ती चकती, हे सारे त्यालाच जोडलेले असते. जॅक लावून त्याला ओळंब्यात आणले की दोन नळ्यांमधल्या काही सेंटिमीटरच्या पोकळीत अतिशय ताकदवान ग्राउट, म्हणजे सिमेंटचे घट्ट होणारे मिश्रण, पंपाने भरतात. ग्राउट घट्ट झाला की खालच्या नळीचा कल आणि वरच्या मनोऱ्याचा सरळपणा यांचा हिशेब जुळतो. जोडणी स्वस्त पडते, वेळ थोडा लागतो आणि समुद्रात वेल्डिंग करावे लागत नाही, त्यामुळे उत्तर समुद्रातल्या बहुतेक प्रकल्पांनी हीच पद्धत उचलली होती.

या दोन नळ्यांचे एकमेकींसमोरचे पृष्ठभाग रॉबिन रिगमध्ये गुळगुळीत होते. तेलविहिरींच्या मंचांचे पाये ग्राउटने जोडताना नळ्यांवर वेल्डिंगच्या आडव्या वळ्या काढण्याची पद्धत होती. ग्राउट त्या वळ्यांत अडकतो आणि नळी खाली सरकू शकत नाही. पवनचक्क्यांच्या बाबतीत मात्र अशा वळ्यांपाशी ताण एकवटतो आणि सतत डोलणाऱ्या रचनेत तिथूनच थकव्याचे, म्हणजे वारंवार ताण पडून धातूला जाणारे, तडे जातात, अशी रास्त भीती होती. ती भीती खोटी नव्हती, पण तिच्यामुळे वळ्या गेल्या आणि मनोऱ्याचे सारे वजन पोलाद व ग्राउट यांच्या निव्वळ चिकटण्यावर आणि घर्षणावर येऊन पडले.

हे वजन किती असते याचा एक ढोबळ हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आकडे या प्रकल्पाचे नव्हेत, फक्त अंदाज यावा इतपतच आहेत. पाते, यंत्रगृह, मनोरा आणि ट्रान्झिशन पीस मिळून ४०० टन धरू. जोडाचा व्यास ४ मीटर आणि लांबी ६ मीटर धरली तर पोलाद आणि ग्राउट यांचा संपर्क सुमारे ७५ चौरस मीटरवर होतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास भार येतो. भाजीवाल्याच्या तागडीतल्या एका वजनाइतका! हा आकडा पाहून कोणत्याही अभियंत्याची झोप उडणार नाही, आणि तशी ती कोणाची उडालीही नाही. वजनाने हा जोड हरला नसता.

त्याला हरवले डोलण्याने. ९० मीटर व्यासाच्या चक्राला भर वाऱ्यात मागे ढकलणारा जोर साधारण ४० टनांच्या घरात जातो आणि तो समुद्रसपाटीपासून ८० मीटर उंचीच्या आसपास लागतो. तरफेच्या न्यायाने हा जोर जोडापर्यंत पोचेपर्यंत तीन हजार टन-मीटरहून मोठा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) होऊन येतो. जोड तो पेलतो तो दोन ठिकाणी दाबून: वाऱ्याच्या दिशेकडील कडेला वर किंवा खाली, आणि त्याच्या समोरच्या बाजूला दुसऱ्या टोकाशी. हे दोन दाब एकमेकांपासून चार-साडेचार मीटरवर आहेत असे मानले तर त्यांतला प्रत्येक सातशे टनांच्या पलीकडे जातो. वरून येणाऱ्या वजनाच्या जवळपास दुप्पट जोर, आणि तोही आडवा.

जिथे दाब पडतो तिथे पोलाद ग्राउटवर रुतते, आणि जिथे पडत नाही तिथे, म्हणजे त्याच क्षणी समोरच्या बाजूला, दोघांमध्ये केसाएवढी फट उघडते. वारा पडला की फट मिटते, लाट आली की दुसरीकडे उघडते. पोलादी नळी इतकी रुंद आणि तिची जाडी त्या मानाने इतकी कमी असते की ती किंचित लंबगोल होते आणि पुन्हा गोल होते. या प्रत्येक हेलकाव्यात दोन पृष्ठभाग एकमेकांवर अंशभर घासले जातात. सुरुवातीचे चिकटणे थोड्याच वादळांत संपते आणि पुढे जी काही पकड उरते ती पोलादावरच्या बारीक उंचसखलपणाची. घासण्याने तोही झिजत जातो. फटीत समुद्राचे पाणी शिरले तर झीज झालेले कण त्याच्या पंपासारख्या हालचालीने बाहेर वाहून जातात, आणि पाण्यात भिजलेल्या ग्राउटची थकवा सोसण्याची ताकद कोरड्यापेक्षा कमी असते हे प्रयोगशाळांत दिसून आलेले आहे.

आता आवर्तनांची मोजणी करू. सहा सेकंदांना एक लाट धरली तर वीस वर्षांत सुमारे साडेदहा कोटी लाटा येतात. मिनिटाला सोळा फेरे घेणारे चक्र सलग फिरले तर तितक्याच काळात जवळपास सतरा कोटी फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात तीन पाती मनोऱ्यासमोरून जातात. कोणताही एकटा धक्का जोडाच्या ताकदीच्या जवळपासही येत नाही, पण घासणाऱ्या पृष्ठभागाला ताकदीचे कौतुक नसते. मनोऱ्याचे वजन सतत खालीच ओढत असल्याने प्रत्येक हेलकाव्यात पकड क्षणभर ढिली झाली की ते वजन कणभर खाली उतरते, आणि उतरलेले परत वर कधी चढत नाही. दोन माणसे जड कपाट आळीपाळीने डोलवत पुढे सरकवतात, ते याच तत्त्वावर. ढकलून जे हलत नाही ते डोलवून हलते.

खाली उतरणारा ट्रान्झिशन पीस समुद्रात बुडाला, मनोरा कोसळला, असे मात्र काही घडले नाही. उभारणीच्या वेळी जॅक टेकवण्यासाठी ट्रान्झिशन पीसच्या आतल्या बाजूस काही पोलादी कंस वेल्ड केलेले असतात. ग्राउट घट्ट झाल्यावर त्यांचे काम संपते, आणि मोनोपाइलचा वरचा काठ व कंस यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. आराखड्याच्या दृष्टीने ते नंतर अडगळच. जोड सरकू लागलेल्या प्रकल्पांत ती मोकळी जागा हळूहळू मिटली आणि कंस काठावर टेकले. ज्या कंसांची निवड काही तास जॅक पेलण्यासाठी झाली होती त्यांच्यावर आता अख्ख्या पवनचक्कीचे वजन आले, तेही प्रत्येक लाटेबरोबर एकावरून दुसऱ्यावर सरकणारे. तात्पुरते म्हणून ठेवलेले कायमचे झाले की काय होते हे आपल्याकडच्या कुणालाही वेगळे सांगायला नको. खरी धास्ती त्या कंसांच्या वेल्डमध्ये आणि नळीच्या भिंतीत थकव्याचे तडे जाण्याची होती.

सूत्रातला एक आकडा

हा प्रकार सर्वप्रथम रॉबिन रिगमध्ये उघडकीस आला नाही. नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळचा एग्मंड आन झी हा ३६ पवनचक्क्यांचा प्रकल्प त्याच पद्धतीने उभारलेला होता आणि तिथले जोड सरकत असल्याचे २००९ मध्ये लक्षात आले. दोन्हीकडे आराखडा ज्या मानकावर बेतला होता ते डेट नॉर्स्के व्हेरिटास या नॉर्वेच्या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले जे-१०१ होते. संस्थेने आपले सूत्र पुन्हा तपासले तेव्हा त्यात एक चूक सापडली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये तिने उद्योगातील कंपन्यांना पत्राने कळवले. रॉबिन रिगचे पाये तोवर समुद्रात उभे राहून सात महिने झाले होते.

चूक समजून घेण्यासारखी आहे. गुळगुळीत नळीची उभ्या दिशेतली पकड काढताना पृष्ठभागावरच्या उंचसखलपणाची सरासरी उंची सूत्रात घालावी लागते. गुंडाळलेल्या पोलादी पत्र्यासाठी ती नळीच्या त्रिज्येच्या ०.०००३७ पट घ्यावी, असे मानकात छापलेले होते, आणि हे मूल्य सुमारे दहापट मोठे ठरले. त्रिज्या दोन मीटर धरली तर छापील नियमाने उंचसखलपणा ०.७४ मिलिमीटर येतो, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे जेमतेम एका केसाची जाडी. जोडाची कागदावरची ताकद त्यामुळे भलतीच फुगली.

माझ्या मते इथे दहापटीपेक्षाही अधिक खटकणारी गोष्ट आहे, ती म्हणजे उंचसखलपणा त्रिज्येच्या प्रमाणात धरणे. एकाच गिरणीत लाटलेला पत्रा एक मीटरच्या नळीसाठी वापरा की चार मीटरच्या, त्याचा खडबडीतपणा तोच राहणार. नळी रुंद होत जाईल तसा तेवढाच खडबडीतपणा तिच्या आकाराच्या मानाने नगण्य होतो आणि पकड घटते. पण खडबडीतपणाच त्रिज्येबरोबर वाढवत नेला तर हा आकाराचा परिणाम सूत्रातून हिशेबासकट नाहीसा होतो. ज्या चाचण्यांवर अशी सूत्रे उभी होती त्या तेलमंचांच्या बारीक नळ्यांवर, मुख्यतः उभा भार देऊन केलेल्या होत्या. त्या व्यासांपुरती ती चाललीही असती.

पुढे उद्योगातील अनेक कंपन्यांना सोबत घेऊन डेट नॉर्स्के व्हेरिटासने संयुक्त अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष एका आकड्यापुरता नव्हता. मोठ्या व्यासाच्या गुळगुळीत जोडांची उभी ताकद आधी मानली होती त्याहून कमी आहे, आणि आवर्ती वाकण्याने ती आणखी खालावते, असे त्यातून पुढे आले. जुन्या पद्धतीत वजन पेलण्याचा हिशेब वेगळा मांडत आणि वाकण्याचा वेगळा. दोन्ही उत्तीर्ण झाले की जोड उत्तीर्ण. प्रत्यक्ष जोडात मात्र वाकणे वजनाची पकड दिवसेंदिवस खात होते. म्हणूनच ‘एका चुकीच्या आकड्याने साठ पवनचक्क्या सरकल्या’ ही सांगायला सोपी गोष्ट मला अपुरी वाटते. तो आकडा बरोबर छापला असता तर जोडाची रचना बदलावी लागली असती आणि कदाचित अनर्थ टळला असता, परंतु हेलकाव्याने होणारी झीज त्या सूत्रात तेव्हाही आली नसती.

न्यायालयात

दुरुस्ती २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या खर्चाचा आकडा, २ कोटी ६२ लाख ५० हजार युरो, दोन्ही पक्षांनी मान्य केला होता. वाद होता तो भरायचा कोणी याचा. कराराच्या तांत्रिक भागात कंत्राटदाराने जे-१०१ पाळावे असे म्हटलेले होते, आणि त्याच भागातल्या एका पोटकलमात पायांच्या आराखड्याने वीस वर्षांचे आयुष्य सुनिश्चित करावे, असेही म्हटलेले होते. मानक पाळले, पण वीस वर्षे तर सोडाच, दोन वर्षेही जोड टिकले नाहीत. मग करार पाळला की मोडला?

२०१४ मध्ये पहिल्या न्यायालयाने कंत्राटदाराला निष्काळजी ठरवले नाही, तरी वीस वर्षांच्या अटीचा भंग झाला असे मानून निकाल मालकाच्या बाजूने दिला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. इतकी मोठी हमी तांत्रिक कागदांच्या एका कोपऱ्यातल्या ओळीला टांगता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. ३ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लॉर्ड न्यूबर्गर यांच्या निकालपत्राद्वारे, पहिला निकाल पुन्हा कायम केला. मानकातल्या अटी या किमान अटी होत्या, जिथे त्याहून कडक गरज असेल ती ओळखण्याची जबाबदारी करारानेच कंत्राटदारावर टाकली होती, आणि म्हणून मानक पाळल्याने वीस वर्षांची अट सुटत नाही, असा त्याचा आशय होता. कंत्राटदाराबद्दल सहानुभूती वाटावी असाच हा निकाल आहे. सगळा उद्योग ज्या पुस्तकावर विसंबला त्याच्यावर तोही विसंबला होता. पण निकालातला तर्क अभियंत्याच्या शहाणपणाला धरून आहे. मानक लिहिणारा मागच्या चाचण्या पाहून लिहितो, आणि चार मीटरचा पाया बांधणारा त्या चाचण्यांच्या पलीकडे उभा असतो.

वाळूचा न्याय वेगळा

या सगळ्यात खालच्या जमिनीचे काय झाले हा प्रश्न उरतो, कारण हलवणे तर दोघांनाही सारखेच होते. वाळूत रोवलेल्या ताठ खुंट्यावर ऑक्सफर्डमध्ये लेब्लाँ, हाउल्सबी आणि बायर्न यांनी छोट्या प्रतिकृती वापरून हजारो आवर्तनांचे प्रयोग केले आणि ते २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजणीत खुंटा हळूहळू कलत गेला, पण कलण्याचा वेग मंदावत गेला: कल आवर्तनांच्या संख्येच्या ०.३१ व्या घाताने वाढतो, म्हणजे आवर्तने दसपट झाली की कल दुप्पट. त्याच वेळी खुंट्याची ताठरता आवर्तनांबरोबर वाढत गेली. वाळूचे कण हेलकाव्यांनी दाटून बसतात आणि मागे सरकलेली वाळू खुंट्याभोवती पुन्हा जमते. म्हणी रचणाऱ्यांनी जो अनुभव घेतला तो बहुधा हाच.

म्हणजे एकाच मनोऱ्याखाली एकच हेलकावा दोन विरुद्ध कामे करतो. खाली दाण्यांची वाळू नव्याने जागा घेते, रचना पुन्हा पुन्हा बांधली जाते. वर ग्राउट आणि पोलाद यांच्यात जे झिजले ते परत भरून येत नाही. वाळूतही सारे आलबेल असते असे नाही. समुद्रतळापाशी पायाचा कायमचा कल साधारण पाव अंशात ठेवण्याचा प्रघात आहे, आणि ८० मीटर उंचीवर तो पाव अंशसुद्धा पस्तीस सेंटिमीटर होतो. ताठरता वाढली की रचनेची नैसर्गिक वारंवारताही (ती ज्या गतीने आपोआप डोलते ती) सरकते आणि ती चक्राच्या फेऱ्यांच्या किंवा पात्यांच्या वारंवारतेजवळ जाणार नाही हे पाहावे लागते. पण हे बदल मोजता येतात, पुढचे अंदाज बांधता येतात. जोडाच्या सरकण्याचा अंदाज मात्र कोणी बांधलेलाच नव्हता, कारण तो सरकेल असे गृहीतच नव्हते.

आधीच उभ्या असलेल्या अनेक पवनचक्क्यांत कंस आणि मोनोपाइलचा काठ यांच्यामध्ये रबर व पोलादाच्या थरांच्या गाद्या बसवून वजनाला नवी, मुद्दाम आखलेली वाट काढून देण्यात आली. नव्या पायांसाठी २०११ च्या सुधारित मानकात शंकूच्या आकाराच्या जोडाचा मार्ग आला: दोन्ही नळ्यांना जोडाच्या लांबीत एक ते तीन अंशांचा उतार द्यायचा. पुढे सरळ नळ्यांवर वेल्डिंगच्या वळ्या घेण्याची रीतही, थकव्याचा हिशेब नीट मांडून, परत आली. आणि अनेक प्रकल्पांनी ग्राउट सोडून सरळ बोल्टच्या चकत्यांचा रस्ता धरला.

शंकूचा उतार म्हणजे कुदळीच्या दांड्याचीच युक्ती आहे. कुदळीच्या तोंडाचे भोक एका बाजूला रुंद असते, आणि दांड्याचे जाड टोक त्यात अशा बाजूने येते की घाव घालताना कुदळ दांड्यावर अधिकच घट्ट बसते. शंकूच्या जोडातही ट्रान्झिशन पीस हेलकाव्यांनी खाली सरकतोच; फरक इतकाच की सरकताना तो आतल्या नळीवर पाचरीसारखा आवळत जातो, आडवा दाब वाढतो, त्याबरोबर घर्षण वाढते आणि काही मिलिमीटरनंतर सरकणे थांबते. नेदरलँड्समधील बोर्सेले येथील प्रायोगिक जागेवर तर ग्राउटही वगळून पोलादाचा शंकू थेट पोलादाच्या शंकूवर बसवलेला आहे. तिथे मनोऱ्याचे वजन आणि लाटांचे हेलकावे मिळून जोड आवळण्याचे काम करतात, आणि सरकणे किती झाले ते मोजण्यासाठी त्यावर संवेदक लावलेले आहेत.